मामलेदारांच्या पोटात काय होतं

रविवारी सकाळी साडेसात वाजता हंबीरतात्या चुन्याची पिशवी खांद्यावर टाकून आमच्या फाटकात उभे राहिले, आणि मामलेदारांना अजून शी झाली नव्हती.

मी अंगणात उकिडवी बसून काचेच्या बरणीत टक लावून बघत होते. तळाशी ओलं फडकं, फडक्यावर मामलेदार, आणि चेहऱ्यावर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या' असा भाव. मामलेदार हा बेडूक होता. खरबरीत पाठीचा, सुटलेल्या पोटाचा, डोळ्यांना काळी कड असलेला; पुस्तकात अशा बेडकाला भेक म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळपासून तो बरणीत होता. बाकी तीन बरण्यांतल्यांनी आपापली कामं शनिवारीच उरकली होती. फाइल अडली होती ती याच्याच टेबलावर.

"पाणी शिंपडू का?" अल्फियाने विचारलं.

"तीनदा शिंपडलंय."

"मग गोष्ट सांगू? माझ्या धाकट्या बहिणीला गोष्ट सांगितली की होते."

तात्या फाटक ढकलून आत आले. चुन्याची पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली, बरणी उचलून हात लांब करून धरली आणि तिच्यावरचं लेबल एकेक अक्षर लावत वाचलं. शुद्ध कारवी मध. लेबलाच्या मागून मामलेदारांनी त्यांच्याकडे बघितलं.

"हौसे," तात्यांनी घरात हाक मारली, "मध जरा जाड झालाय गं तुझा."

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. आज मी दहावीत आहे आणि शाळेच्या परिपाठात माझ्या हातातला माइक काढून घ्यावा लागतो. तेव्हा सातवीत होते आणि हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं झालं तरी माझा आवाज बाकाखाली पळायचा. त्यात उंची. प्रार्थनेच्या रांगेत मी पहिली, म्हणजे सगळ्यांत बुटकी. अल्फिया सगळ्यांत उंच, म्हणजे शेवटची. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की वर्गात आम्हाला काठी आणि वाटी म्हणायचे. मे महिन्यात आत्याने फ्रॉक शिवायचा म्हणून माझं माप घेतलं, तेव्हा कळलं की वर्षभरात मी दोन बोटंसुद्धा वाढले नव्हते. फ्रॉक काही तिने शिवला नाही. मला वाटलं, जुनेच अजून होतायत म्हणून.

आमचं पिंपळदरा हे मेढ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. आई-बाबा पाचगणीला एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात कामाला, त्यामुळे मी हौसाआत्याकडे. आत्याच्या मागच्या अंगणात सात मधपेट्या होत्या. प्रत्येक पेटी लाकडी स्टँडवर, आणि स्टँडचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. सात नंबरची पेटी तेवढी लोखंडी स्टँडवर होती. मे महिन्यातच आत्याने लाकडी स्टँडचे पाय करवतीने कापून बुटके करून घेतले, कंबर दुखते म्हणून. मला तेव्हापासून झाकण काढून आत डोकावता येऊ लागलं, हा माझा फायदा. नुसतं डोकावायला. पेटी स्वतःच्या हाताने उघडून पोळ्यांच्या चौकटी बाहेर काढायचं काम फक्त आत्याचं.

त्या वर्षी कारवी फुलायची होती. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो. मागच्या खेपेला फुलली तेव्हा आत्या सासरहून कायमची परत आलेली होती, आणि तिच्याजवळ एकही पेटी नव्हती. ती नुसती उतारावर उभी राहून दुसऱ्यांच्या माशा बघत राहिली होती. त्यानंतर तिने महाबळेश्वरला जाऊन मधमाश्या पाळायचं शिक्षण घेतलं, एकाच्या सात पेट्या केल्या, आणि सात वर्षं वाट बघितली. लेबलंसुद्धा आधीच छापून आणली होती.

आणि कळ्या तांदळाएवढ्या झाल्या असताना तीन नंबरची पेटी पातळ होऊ लागली.

आत्या रोज संध्याकाळी पेटीला कान लावायची. भरलेली पेटी कशी गुणगुणते ते मलाही ओळखता यायचं. तीन नंबर नुसती कुजबुजत होती. मग पाच नंबरही. पंधरा दिवसांत कारवी उमलणार आणि ती गोळा करायला माशाच नसणार, असं आत्या बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिने दोनदा भाजीत मीठ घातलं नाही.

मंगळवारी तिने तात्यांना बोलावलं. हंबीरतात्या शेजारचे. तरुणपणी दोराला लटकून कड्यावरचं आग्या मोहोळ काढणारा माणूस, त्यामुळे माशांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पाण्याच्या टाकीमागे वाकून बघितलं, आणि निकाल दिला. बेडूक.

"टाकीपाशी बेडकांचा बाजार भरलाय," ते म्हणाले. "बेडूक माशा खातो. समदेच खातात. तोंडाम्होरनं गेलं की गिळलं, येवढंच त्याला कळतं. रविवारी चुना आणतो. पेट्यांभवती अन् टाकीभवती कळीच्या चुन्याचा पट्टा मारू. अंग भाजलं की निघून जातील."

"आणि नाही गेले तर?" आत्याने विचारलं.

"तर तिथंच ऱ्हातील."

ते इतकं साधेपणाने बोलले की मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी दाराआड उभी होते आणि माझ्या तोंडातून आवाज आला. माझाच आवाज होता, पण बाकाखालून नव्हे.

"सगळे सारखं खात नाहीत."

दोघं वळून बघू लागले. तात्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"वाटाणा बोलला की गं," ते म्हणाले.

ते मला वाटाणा म्हणायचे. एरवी मी लगेच आत पळाले असते. पण आता तोंड उघडलंच होतं. मी म्हणाले की आपणच बघा ना, आत्या वांगं खात नाही, अंगावर गांधी उठतात. मी कारलं खात नाही. तुम्ही वशाट सोडलंय. एकाच आळीत राहतो, तरी तीन ताटं वेगळी. बेडकांचं तसंच असेल. एक भिंतीवर राहतो, एक वाटीत, एक टाकीत, एक दारात. ज्याच्या तोंडासमोरून जे जातं तेच तो खाणार.

तात्या हसून हसून खोकले. मग एकेकाला विचारून घे, म्हणाले, आज कालवण काय होतं म्हणून.

आत्या हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, नवीन माशी पेटीवर येऊन बसली की बघते तसं.

"रविवारपर्यंत," ती म्हणाली. "पुरावा दाखव. दाखवलास तर बघू. नाही दाखवलास तर तात्या चुना टाकतील आणि मी अडवणार नाही. माझी सात वर्षं आहेत त्यात."

पुरावा म्हणजे काय, ते मला बुधवारी गणिताच्या तासाला सुचलं. चौथीत मला जंत झाले होते, तेव्हा मेढ्याच्या डॉक्टरांनी 'काय खातेस?' असं विचारलंसुद्धा नाही. नुसती एक प्लॅस्टिकची डबी दिली होती. मी अल्फियाच्या कानात सांगितलं. ती एवढ्या जोरात हसली की दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभ्या राहूनच आम्ही सगळा बेत ठरवला. अल्फियाचे अब्बू मेढ्याच्या स्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्यात बसवायचं त्यांचं काळं भिंग ती आणणार होती, बारीक चिमट्यासकट. काय बघायचंय असं अब्बूंनी विचारलं तेव्हा तिने खरं सांगितलं. त्यांनी भिंग दिलं आणि परत आणताना उकळत्या पाण्यात घालून आण म्हणाले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर अल्फिया राहायलाच आली. माशा पेटीत परतत होत्या, उजेड होता, आणि आम्ही दोघी दप्तर फेकून शिकारीला निघालो.

आमचे संशयित चार. पहिल्या टिकल्या. या स्टँडखालच्या वाट्यांच्या काठावर बसायच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, पाठीवर नक्षी. त्यांचं तोंड इतकं चिंचोळं की त्यांना जांभईसुद्धा येत नसेल. दुसरी चिकटी, न्हाणीच्या भिंतीला चिकटून राहणारी, लांब पायांची, बोटांना गोल गोल गाद्या. तिला धरायला अल्फिया बादलीवर चढली आणि चिकटी तिच्या कपाळावर चिकटली. तिसरा पैलवान, टाकीतला हिरवा दांडगा. तो हातात मावेना म्हणून आम्ही पीठ चाळायची चाळणी वापरली. ते आत्याला आजतागायत माहीत नाही. आणि चौथे मामलेदार. त्यांना धरायची गरजच पडली नाही. ते रोज दिवेलागणीला मागच्या उंबऱ्याशी येऊन बसायचे, मी अंगठ्याने डोकं खाजवलं की डोळे मिटायचे. दोन वर्षांची ओळख होती. मी नुसती बरणी आडवी केली, ते स्वतःच आत चालत गेले. बेडकासारखी उडी नाही मारली. चालत, एक पाय मग दुसरा पाय, खुर्चीवर बसायला जावं तसे.

बरण्या आत्याच्या नव्या कोऱ्या होत्या. झाकणांऐवजी मलमलीचं फडकं बांधलं. आत्याने चारी बरण्यांकडे आणि त्यावरच्या लेबलांकडे एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाली की या पुन्हा ओट्यावर दिसल्या तर मी तुम्हा दोघींना बरणीत घालीन.

शनिवारी सकाळी आम्ही मामलेदार सोडून बाकीचे बेडूक जिथले तिथे सोडले आणि मिळालेला ऐवज एकेका पांढऱ्या बशीत पाण्यात सोडला. आधी नाकाला रुमाल बांधला होता. दहा मिनिटांत दोन्ही रुमाल गवतात पडले, कारण भिंगातून जे दिसत होतं ते बघताना नाकाची आठवण राहत नाही.

टिकलीच्या बशीत नुसती मुंग्यांची डोकी. मी एकेक करून मोजली, एकेचाळीस. दुसरं काही नाही, फक्त डोकी आणि डोकी, मोहरी सांडावी तशी. अल्फिया म्हणाली, अगं म्हणजे या वाट्यांवर पहारा देतायत. पाणी आटलं की मुंग्या चढायला बघतात, आणि काठावर या बसलेल्या. चिकटीच्या बशीत पतंगांचे पाय आणि पंखांची करडी भुकटी. अंधार पडल्यावर पेटीच्या फटींशी घुटमळतात ना, तसले करडे पतंग. ते आत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या मेणाची पोळी पोखरतात. म्हणजे चिकटीही आमच्याच बाजूची. पैलवानाच्या बशीत खेकड्याची नांगी, गोमेचे तुकडे, आणि एक इवलंसं हाड. ते कुणाचं ते आम्हाला एकदमच कळलं. टिकलीचं. अल्फियाने बशी दूर सरकवली.

"पैलवान वाईट आहे," मग ती म्हणाली.

"पण माशी नाही खाल्ली त्याने."

"वाईट आहे पण निर्दोष आहे. लिही."

मी रफ वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. वाईट, पण निर्दोष. आम्ही अंगणात लोळून हसलो. तिघे सुटले होते, मामलेदार तर सुटणारच होते. फक्त त्यांच्याकडून काही येत नव्हतं. शनिवार दुपार गेली, संध्याकाळ गेली. आत्याने भाकरी थापता थापता विचारलं, साहेबांची सही झाली का? आम्ही म्हणालो, अजून नाही.

आणि मग रविवार उजाडला, पायरीवर चुना आला, आणि अल्फिया बरणीला तोंड लावून ससा-कासवाची गोष्ट सांगू लागली.

कासव शर्यत जिंकायच्या बेतात असताना मामलेदारांनी पाय पसरले, डोळे मिटले, आणि फाइल मोकळी केली. करंगळीएवढी. मी नाचले. खरंच नाचले, तात्यांसमोर, हातात चिमटा घेऊन. अल्फियाने बशीत पाणी घेतलं, मी भिंग डोळ्यात बसवलं आणि सुईने तुकडे सोडवू लागले.

काळ्या भुंग्याच्या पाठीचं चमकदार कवच. मुंगीचं डोकं. आणखी एक मुंगी. मग एक पंख. पारदर्शक, बारीक शिरांचा. मग तसलाच दुसरा. मग एक पाय, रुंद, केसाळ, आणि त्याला पिवळी धूळ चिकटलेली. परागाची.

तो पाय मी रोज बघत होते. पेटीच्या दारातून आत शिरणारा, पिवळं गाठोडं बांधलेला.

मी सुई फिरवत राहिले. डोकी मोजली. नऊ.

भिंग माझ्या डोळ्यात होतं. दुसऱ्या कुणालाच काही दिसत नव्हतं. तात्यांना जवळचं दिसत नाही, आणि आत्या पाच पावलांवर पदर कमरेला खोचून उभी होती. भुंगे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. अल्फिया माझ्याकडे बघत होती, बशीकडे नाही. तिला कळलं होतं, कारण मी नाचायची थांबले होते. बरणीत मामलेदार डोळे मिटून बसले होते, डोकं खाजवल्यावर बसतात तसे.

मी भिंग काढलं.

"माशा आहेत," मी म्हणाले. "नऊ."

आत्याने तोंड फिरवलं. तात्या काही जिंकल्यासारखे वगैरे बोलले नाहीत. त्यांनी नुसती पिशवीची सुतळी सोडायला घेतली.

"पण बाकीच्यांनी एकही नाही खाल्ली," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "चुना टाकला तर आधी टिकल्या मरतील, त्यांची कातडी सगळ्यांत पातळ. मग मुंग्या वर चढतील. मग चिकटी जाईल आणि पतंग येतील. तुम्ही एका चोरासाठी तीन रखवालदार मारताय, तात्या."

त्यांचा हात सुतळीवर थांबला.

"अन् चोराचं काय करायचं? आरती?"

तो खातो तरी कसा ते बघायचं होतं. म्हणून मी बरणी उचलली, तीन नंबरच्या पेटीसमोर नेली आणि मामलेदारांना सोडलं. ते एरवी दिवसा बाहेर पडत नाहीत. पण दोन दिवसांचे उपाशी होते. थोडा वेळ बसले. मग एक पाय, दुसरा पाय, असे चालत स्टँडपाशी गेले, पाण्याच्या वाटीच्या काठावर चढले, एक टिकली बाजूला सरकली, आणि त्यांनी मान ताणून अंग उभं केलं. पेटीचं दार बरोबर त्यांच्या तोंडासमोर होतं. एक पहारेकरी माशी फळीवर आली. जीभ गेली कधी, आली कधी, दिसलंच नाही. माशी नव्हती, आणि मामलेदार डोळे मिटून गिळत होते.

"हा बघा," तात्या म्हणाले.

पण मी मामलेदारांकडे बघत नव्हते. मी लोखंडी स्टँडवरच्या सात नंबरकडे बघत होते. सात नंबर गुणगुणत होती. इथपर्यंत ऐकू येत होती.

"सात नंबर भरलेली का आहे?" मी विचारलं. मग मीच सांगितलं. "तिचे पाय कापले नाहीत. लोखंडाला करवत चालली नाही. ती जुन्याच उंचीवर आहे. तिथे याची जीभ पोचत नाही. तीन आणि पाच बुटक्या आहेत आणि टाकीच्या जवळ आहेत. बेडकांना हलवायला नको, आत्या. पेट्या वर करायला हव्यात."

तात्यांनी सात नंबर बघितली, तीन नंबर बघितली, वाकून वीत लावली. मग उभे राहिले आणि आत्याकडे वळले.

"हे स्टँड येवढे बुटके कवा केलेस?"

"मे महिन्यात. कंबर दुखत होती माझी."

"कंबर दुखणारा माणूस पेटी वर घेतो का खाली? खाली केली तर जास्त वाकावं लागतंय." ते थांबले. "अन् परवा तांदळाचं पोतं टेम्पोतनं एकटीनं उतरवलंस की. कुठली कंबर?"

आत्या लाजली होती. मी तिला कधी लाजताना बघितलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"रशे," ती म्हणाली, "माळ्यावर पोत्यात तुकडे आहेत कापलेले. घेऊन ये. तात्या, हातोडी आहे ना तुमची?"

मी शिडीवरून माळ्यावर गेले. कोपऱ्यात गोणपाटात लाकडाचे तुकडे होते, चार-चारच्या जुड्या, सुतळीने बांधलेल्या. सहा जुड्या. चुलीत घातले नव्हते तिने. उजेडात बघावी म्हणून मी एक जुडी झरोक्याशी धरली. वरच्याच तुकड्याच्या टोकाला, करवत चालली होती तिथे, सुताराच्या जाड पेन्सिलीची रेघ होती. आणि रेघेखाली आत्याचं तिरकं अक्षर.

रशीचं कोपर.

मला ते मे महिन्यातलं माप आठवलं. तिने मला मागच्या अंगणात उभं केलं होतं आणि हात कोपरातून वाकव म्हणाली होती. फ्रॉकचं माप घ्यायला कुणी कोपर जमिनीपासून मोजतं का, असं मला वाटलं नव्हतं. मी सातवीत होते. झाकण कोपराच्या उंचीवर आलं की चौकट नीट बाहेर काढता येते, हे तर मीच तिला दहा वेळा विचारून पाठ केलेलं.

खालून अल्फियाने हाक मारली, अडकलीस का? मी म्हणाले, नाही. खाली उतरायला जरा वेळ लावला.

"सगळे आहेत?" आत्याने विचारलं.

"चोवीस."

तिने माझ्या हातातली जुडी बघितली, त्यावरचं अक्षर बघितलं, आणि जुडी उलटी करून तात्यांना दिली.

"वर केल्यावर तुला आत दिसायचं नाही," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पुढच्या वर्षी जरा वाढलीस की..."

"दिसेल," मी म्हणाले.

तात्यांनी दिवसभर बसून तुकड्यांना पट्ट्या मारल्या. अधूनमधून म्हणत होते की वाटाण्याला वकील करा. माशा परतल्यावर संध्याकाळी आत्याने आणि त्यांनी एकेक पेटी उचलून स्टँड परत जुन्या उंचीवर आणले. चुन्याची पिशवी त्यांनी जाताना नेली आणि म्हणाले, घराला लावीन, नाहीतरी पांढरं करायचंच होतं.

मामलेदार ठरल्या वेळेला हजर झाले. वाटीवर चढले, उभे राहिले, मान ताणली. वर बघितलं. बराच वेळ वर बघत राहिले. मग खाली उतरून एक भुंगा गिळला आणि उंबऱ्याशी आले. मी त्यांचं डोकं खाजवलं. त्यांची बदली झाली नाही, फक्त वरकमाई बंद झाली.

तीन आणि पाच नंबर हळूहळू भरत गेल्या. आणि सोळाव्या दिवशी आम्ही उठलो तर समोरचा अख्खा डोंगर जांभळा. माशा वेड्या झाल्या होत्या, आत्या वेडी झाली होती, ती सकाळपासून तीनदा चहा करून तीनदा विसरली. दुपारी तिने माशा शांत करायचं धुराडं पेटवलं, तोंडावर जाळी बांधली, तीन नंबरपाशी गेली, आणि मग जाळी सोडून माझ्या डोक्यावर घातली.

"उघड," ती म्हणाली.

अल्फिया त्या दिवशी मुद्दाम आली होती. आम्ही दोघींनी टाकीपाशी पडलेला धुण्याचा दगड ढकलत, लोळवत, हसत पेटीशी आणला. तो दगड अजून तिथेच आहे. या तीन वर्षांत मी चार बोटं वाढले आहे आणि तो अजून लागतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर चढले. पाय नीट रोवले आणि हात पुढे केले.

कोपर बरोबर झाकणाला लागलं.